एकच बोर्ड घ्यायचाय, मोकळ्या बर्फालाही चालावा अन् उड्यांनाही

पत्र लातूरहून आलंय. लिहिणारा २८ वर्षांचा, नोकरी पुण्यात, घर लातूरला, वडिलांचं शेतीच्या अवजारांचं वर्कशॉप आहे. दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन स्नोबोर्डिंग (एकाच फळीवर उभं राहून बर्फावरून घसरणं) शिकलाय, पहिल्या वर्षी कोर्स केला, दुसऱ्या वर्षी स्वतःच्या हिमतीवर दहा दिवस राहिला, सगळं सामान भाड्याचं. आता स्वतःचा बोर्ड घ्यायचाय. चुलतभाऊ जर्मनीला असतो, डिसेंबरात घरी येणार आहे, येताना आणतो म्हणाला, पण बदलून मिळायची सोय नाही त्यामुळं एकदाच काय ते ठरवायचंय. त्याला गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या वरच्या मोकळ्या बर्फातही उतरायचंय आणि उड्या, गिरक्या, रेलवर (बर्फात बसवलेल्या लोखंडी दांड्यावर) घसरणं हेही करायचंय. एक मित्र म्हणतो कडक फ्रीराइड (मोकळ्या डोंगरावर उतरायचा) बोर्ड घे, दुसरा म्हणतो मऊ ट्विन (दोन्ही टोकं सारखी असलेला) घे, तिसरा म्हणतो दोन घे. वडील म्हणतात, "ज्या गावाला प्यायचं पाणी रेल्वेनं आणायची पाळी आली, तिथल्या पोरानं बर्फावर घसरायला लाख रुपये घालायचे का?" वजन ६८ किलो, उंची ५ फूट ७ इंच, भाड्याचा बूट २७ नंबरचा बसतो, बजेट सगळं मिळून एक लाख. प्रश्न एवढाच की सगळ्याला चालेल असा सगळ्यात भारी बोर्ड कोणता.

भावा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन तू जिथं जिथं दिवस लिहिलेस तिथं खूण केली. कोर्सचे चौदा, मागच्या वर्षीचे दहा. त्या दहातले तीन दिवस गोंडोला (वर नेणारा रोपवे) वाऱ्यामुळं बंद, एक दिवस तू तापानं खोलीत पडून. वरच्या टप्प्याला तू दोनदाच गेलास, दोन्ही वेळा गाइडबरोबर. आणि रेल किंवा बॉक्सवर (घसरायच्या रुंद सपाट खोक्यावर) तू अजून एकदाही चढलेला नाहीस, ते व्हिडिओत पाहिलंस असं तूच लिहिलंयस. मी हे तुला कमी लेखायला सांगत नाहीये, आपल्याकडून तिकडं जायचं म्हणजे सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, पुढं श्रीनगर, मग टंगमर्गवरून वर, वर्षातली निम्मी सुट्टी तिथंच जाते, मला ठाऊक आहे. पण बोर्ड निवडायचा तर तो ह्या दिवसांसाठी निवडायचा. मनातल्या दिवसांसाठी घेतलेलं सामान पायाखाली आलं की लई त्रास देतं.

मी स्वतः जालन्याची. आमच्याकडं आकाशातून बर्फ पडला तो गारपिटीचा, २०१४ ची गारपीट आठवली तरी पोटात कालवतं, त्यामुळं सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा भुसभुशीत पांढरा बर्फ हातात घेतला तेव्हा मी किती वेळ नुसती उभी होते ते मलाच माहीत. त्यानंतर दोन वर्षांनी मी पहिला बोर्ड घेतला, एका दुकानात, आणि दुकानदार म्हणाला कडक घ्या, लांब घ्या, मोठ्या डोंगराला तोच लागतो, नंतर मागं राहायला नको. १५९ सेंटिमीटरचा, एकदम ताठ. मी तेव्हा ५६ किलोची! सकाळच्या उतारावर रात्रीचा बर्फ काचेसारखा गोठलेला असतो बघ, त्यावर तो बोर्ड माझ्यानं वाकेचना, वळायला जावं तर तो आपला सरळच निघायचा, आणि तिसऱ्या दिवशी टाचेकडची कडा अडकून मी अशी मागं आदळले की माकडहाडाला मार बसला आणि परतीच्या सगळ्या प्रवासात एका अंगावर बसून आले. बोर्ड वाईट नव्हता. माझ्या वजनाला अन् माझ्या दोन वर्षांच्या पायांना तो नव्हता.

म्हणून तुझा कडक फ्रीराइडवाला मित्र बाजूला ठेवू. त्याचं खरं आहे की ताठ बोर्ड वेगात थरथरत नाही आणि उतार तीव्र झाला की भरवसा देतो, पण तो वेग तुझ्याकडं यायला अजून दोन-तीन सीझन आहेत, आणि त्या बोर्डावर हळू वेगात एक साधी वन-एटी (हवेत अर्धी गिरकी) मारायची म्हणली तरी घाम फुटतो. मऊ ट्विनवाल्याचंही अर्धंच ऐक. एकदम मऊ बोर्ड उड्या शिकायला गोड असतो, पडलास तरी माफ करतो, पण कडक बर्फावर कडा धरत नाही अन् जरा वेग घेतला की पुढचं टोक फडफडायला लागतं. आणि दोन बोर्ड घे म्हणणाऱ्याला विचार की वर्षातून दहा दिवसांसाठी दोन बोर्ड विमानात कोण वाहून नेणार.

आता आकार. हे तू मला विचारण्याआधी वडिलांना विचारायला पाहिजे होतंस, खरंच सांगते, कारण टेम्पोला अन् ट्रॉलीला खाली जे कमानीचे पाटे असतात ना, कॅम्बर म्हणजे तेच. बोर्ड फरशीवर ठेवला की मधून वर उचललेला दिसतो, टोकांजवळच टेकलेला असतो, तू वर उभा राहिलास की वजनानं तो सपाट होतो आणि अख्खी कडा बर्फात रुतते, आणि वजन काढलं की पाटा उसळतो, तीच उसळी उडी मारताना कामाला येते. रॉकर त्याच्या उलटा, होडीसारखा, टोकं वर उचललेली. खोल भुसभुशीत बर्फात तो वर तरंगतो, कडा चुकून अडकत नाही, पण गोठलेल्या उतारावर पायाखालून निसटतो. आता तुझी गंमत अशी की तुला दोन्ही पाहिजे. खोल बर्फात निव्वळ कॅम्बरवर उतरलास तर पुढचं टोक खाली बुडतं, ते वर ठेवायला सगळं वजन मागच्या पायावर टाकावं लागतं आणि दहा मिनिटांत मांडी पेटते, तू पत्रात लिहिलंयस "मागचा पाय जळत होता", ते हेच. म्हणून हायब्रिड बघ, दोन्ही पायांच्या मध्ये आणि खाली कॅम्बर, टोकांकडं रॉकर. आजकाल बऱ्याच ऑल-माउंटन (सगळ्या प्रकारच्या बर्फाला चालणाऱ्या) बोर्डांची ठेवण अशीच असते. काहींमध्ये उलटं असतं, पायांच्या मध्ये रॉकर आणि पायांखाली कॅम्बर, बर्टन कंपनीच्या कस्टम नावाच्या बोर्डाचा फ्लाइंग व्ही प्रकार तसला, तो जरा मोकळा मोकळा चालतो, काहींना तेच आवडतं, पण तुला सकाळच्या कडक बर्फाची भीती वाटते असं लिहिलंयस म्हणून मी पहिल्या प्रकाराकडं झुकते.

दुसरं म्हणजे पुढचं टोक अन् मागचं टोक. दोन्ही हुबेहूब सारखी, बाइंडिंग (बूट बोर्डाला धरून ठेवणारे पट्टे) बरोबर मध्यावर, तो ट्रू ट्विन, उलट्या पायानं चालायला आणि गिरक्यांना बेस्ट. पुढचं टोक लांब रुंद, शेपूट आखूड, तो डिरेक्शनल, खोल बर्फाचा राजा पण उलटं चालवायला नको वाटतो. ह्या दोघांच्या मध्ये डिरेक्शनल ट्विन नावाचा प्रकार आहे, बाहेरून जवळजवळ ट्विनच, पण उभं राहायची जागा थोडी मागं किंवा शेपटाकडं जरा जास्त ताठ. तुझ्यासाठी माझं उत्तर हेच. डिरेक्शनल ट्विन, हायब्रिड कॅम्बर, फ्लेक्स म्हणजे ताठपणा दहापैकी पाच किंवा सहा (प्रत्येक कंपनीचा पाच वेगळा असतो हे लक्षात ठेव, एका कंपनीचा पाच दुसरीच्या सातासारखा लागू शकतो), लांबी १५४ ते १५६ सेंटिमीटर. उंचीला हनुवटी ते नाकापर्यंत लावून बघायची जुनी पद्धत आहे ती ढोबळ म्हणून ठीक, पण बोर्डाला तुझी उंची कळत नाही, वजन कळतं, म्हणून ज्या मॉडेलचं ठरवशील त्याच कंपनीचा वजनाचा तक्ता उघडून ६८ किलो कुठं बसतं ते बघ, अन् वजन कपडे, बूट, पाठीवरची बॅग सगळं धरून बघ. बोर्डाच्या कमरेची, म्हणजे मधली, रुंदी २७ च्या बुटाला साधारण २५० ते २५४ मिलिमीटर. बुटाचं टोक आणि टाच बोर्डाबाहेर थोडी थोडी आलेली चालते, एक-दोन सेंटिमीटर, त्याहून जास्त आली तर तिरपं होऊन वळताना बूटच बर्फात घासतो अन् माणूस तोंडावर. ज्यांचा बूट २९ च्या पुढं आहे त्यांनी सरळ वाइड बोर्ड बघा, नांदेड-परभणीकडच्या उंच पोरांची पत्रं येतात त्यांना हे विशेष सांगते, आणि मुलींनो, तुमचं वजन कमी अन् पाय लहान असेल तर मुलींसाठीचे अरुंद बोर्ड घ्या, मी घेतला नव्हता त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

नाव पाहिजेच असेल तर जोन्स कंपनीचा माउंटन ट्विन, असले बोर्ड बघायला सुरुवात कर, पण नावावर अडून बसू नको. ह्या दर्जाच्या दहा बोर्डांत जेवढा फरक आहे त्याहून जास्त फरक एका स्क्रूड्रायव्हरनं पडतो, आणि ही गोष्ट मला कुणी सुरुवातीला सांगितली असती तर बरं झालं असतं. बोर्डावर बाइंडिंगसाठी भोकांच्या रांगा असतात, किंवा बर्टनच्या बोर्डावर लांब खाच असते. रात्री बर्फ पडला, उद्या खोल असणार, तर झोपायच्या आधी दोन्ही बाइंडिंग दोन-तीन सेंटिमीटर मागं घे, दोन्ही एकाच अंतरानं. पुढचं टोक लांब झालं, बोर्ड वर तरंगायला लागला, मांडी वाचली. परवा आकाश निरभ्र, दाबलेल्या उतारावर उड्या मारायच्यात, तर परत मध्यावर आण. कोनाचंही तसंच. पुढचा पाय अधिक १५ अंश, मागचा वजा १५ अशी बदकासारखी उभं राहायची पद्धत दोन्ही दिशांना चालायला सोपी पडते, आणि दिवसभर मोकळ्या डोंगरावरून एकाच दिशेनं उतरायचं असेल तर पुढचा १८, मागचा वजा ३-६ करून बघ, गुडघ्यांना बरं वाटतं. बोर्ड तोच. जाड टोकाचा स्टार स्क्रूड्रायव्हर खिशात ठेव, हातानंच आवळ, ड्रिल मशीन लावू नको, आणि पहिल्या दोन उतारांनंतर सगळे स्क्रू परत तपास, ते सैल पडतात. बाइंडिंग घेताना तेवढं विचार की ह्या बोर्डाच्या भोकांना तिची चकती बसते का, खाचवाल्या बोर्डाला तर नक्की विचार.

पण हे सगळं बुटानंतर. तुझ्या अख्ख्या पत्रात बुटाबद्दल दीड ओळ आहे, "बूट जरा मोठेच होते पण चालून गेलं", आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या दीड ओळीची वाटली. बूट सैल असेल तर टाच आत उचलली जाते, तू पायाचं टोक वळवतोस अन् बोर्ड अर्ध्या क्षणानं वळतो, मग तुला वाटतं बोर्ड खराब आहे. लाखाचा बोर्ड सैल बुटात गेला की भाड्याच्या बोर्डासारखाच चालतो. आज संध्याकाळी, पाय दिवसभर चालून थोडे सुजले की, भिंतीला टाच लावून कागदावर उभा राहा आणि अंगठ्याच्या टोकाशी खूण कर. जे सेंटिमीटर येतील तोच बुटाचा मोंडो नंबर. मला शंका आहे तुझे २७ येणार नाहीत, २६ किंवा साडेसव्वीस येतील. बूट घातल्यावर सरळ उभं राहिलं की बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागं सरकली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये. मोजा एकच, लोकरीचा पातळ. दोन मोजे घातले की पाय जास्त गार पडतो, रक्त दाबलं जातं म्हणून. आणि बूट भावाला अंदाजानं आणायला सांगू नको. कंपनी कंपनीचा साचा वेगळा, एकाचा घोटा अरुंद, दुसऱ्याचा चवडा रुंद. ह्या हिवाळ्यात गुलमर्गला गेलास की भाड्याच्या दुकानांत तीन-चार कंपन्यांचे बूट पायात घालून दहा-दहा मिनिटं उभा राहा, जो बसेल त्याची कंपनी, मॉडेल अन् नंबर फोनमध्ये टिपून ठेव.

इथंच तुझ्या दुसऱ्या गृहीतावर येते, की ह्या डिसेंबरातच सगळं घ्यायचंय. भाऊ परत कधी येणार ते तू लिहिलं नाहीस. युरोपात सीझन संपत आला की, मार्च-एप्रिलमध्ये, दुकानं बोर्ड बऱ्यापैकी खाली उतरवतात, कारण पुढच्या वर्षी नवीन चित्रं येतात, आतलं लाकूड पुष्कळदा तेच असतं. डिसेंबरात नवा माल पूर्ण किमतीला असतो. मधल्या दर्जाचा नवा बोर्ड चारशे ते सहाशे युरो, बाइंडिंग दोनशे ते तीनशे, बूटही तेवढेच, म्हणजे तुझा लाख इथंच संपतो. म्हणून भाऊ वर्षाला येत असेल तर ह्या वर्षी बोर्ड भाड्यानंच घे, बुटाचा साचा पक्का कर, बोर्ड-बूट दोन्ही एप्रिलमध्ये घ्यायला सांग आणि पुढच्या फेरीत आण. दोन-तीन वर्षांतून एकदाच येणारा असेल तर आत्ता घे, पण मागच्या सीझनचा शिल्लक माल शोधायला लाव. दोन्हीकडं एक काम आहेच, विमान कंपनीला आधी विचारायचं. साधारण बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते, तुझी बोर्डाची बॅग नुसत्या लांबीलाच त्याच्या पुढं जाईल, खेळाचं सामान म्हणून नोंदवावी लागते. सीमाशुल्काची सूट किती तेही निघायच्या आधी बघायला सांग, पावती जवळ ठेवायला सांग.

वाचलेल्या पैशाचं काय करायचं हे मी तुला सांगणार आहे, आणि ह्यात मी ऐकून घेणार नाही. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, दुसरा अफरवटवर, चार हजार मीटरच्या जवळ. तिथून पुढं जो मोकळा डोंगर तुला बोलावतोय तो हिमस्खलनाचा डोंगर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर दगावला. ही माणसं लांबून स्की करायलाच आलेली होती. बर्फ घसरतो तो बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, म्हणजे नेमक्या त्याच उतारावर जिथं फ्रीराइड करायला मजा येते, आणि ताजा बर्फ पडून वारा सुटला की पुढचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, म्हणजे नेमके तेच दिवस जेव्हा आपल्याला वर जायची घाई असते. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर वाचायची आशा बरीच असते, त्यानंतर ती झपाट्यानं कमी होते. पंधरा मिनिटांत खालून कुणी येत नाही, बरोबरचाच शोधतो. म्हणून ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, तिन्ही तुझ्याकडं आणि तिन्ही सोबत्याकडं, आणि ते वापरायचा सराव झालेला. घ्यायला जमत नसेल तर भाड्यानं घे, पण त्याशिवाय वर जाऊ नको, आणि स्की पेट्रोलनं (डोंगरावरच्या सुरक्षा पथकानं) वरचा डोंगर बंद सांगितला असेल त्या दिवशी खाली उड्या मार, वन-एटी पक्की कर, उलट्या पायानं अख्खा उतार उतर. तुझं फ्रीस्टाइल, म्हणजे उड्या-गिरक्या, तिथंच तयार होईल, उताराच्या कडेला बर्फाचे जे नैसर्गिक उंचवटे असतात त्यांवर. रेलचं पुढं बघू. हेल्मेट लागतंच, अन् मनगटाचे गार्डही घाल, शिकणाऱ्यांची मनगटंच जास्त मोडतात, पडताना हात पसरू नको, मूठ आवळून कोपरापर्यंतच्या हातावर पड.

आता वडील. त्यांचं बोलणं तुला लागलं हे पत्रातून कळतं, पण २०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा त्यांनी रांगेत घागरी लावल्यात रे. त्या माणसाला लाख रुपये म्हणजे काय असतात ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि त्यांच्याशी वाद घालून तू जिंकणार नाहीस, जिंकूही नको. त्यांना खर्च सांग, सगळा, लपवू नको, तुझ्या पगारातून किती अन् किती महिन्यांत तेही सांग. आणि त्यांना हेही सांग की १९६५ साली अमेरिकेत मस्केगन नावाच्या गावी शर्मन पॉपेन नावाच्या एका बापानं पोरींना खेळायला दोन स्की एकाला एक जोडून दिल्या, तिथून ह्या खेळाची सुरुवात धरतात. वर्कशॉपवाल्या माणसाला ही गोष्ट समजेल.

कारण बोर्ड आल्यावर त्यांची गरज तुलाच पडणार आहे. कडा पोलादाच्या असतात, गुलमर्गहून परत येईपर्यंत ओल्या बॅगेत त्यांच्यावर तांबूस गंज धरतो, म्हणून उतरल्या उतरल्या कोरड्या फडक्यानं पुसायचं, आणि सीझनमध्ये एकदा-दोनदा कानशीनं हलक्या हातानं एकाच दिशेनं धार काढायची, कोन सांभाळून. खालचा थर सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला) असेल तर मेणाला तहानलेलाच असतो, मेण नसेल तर पांढरट कोरडा दिसायला लागतो. जुनी, वाफेची भोकं नसलेली इस्त्री घ्यायची, मेण वितळेल एवढीच तापवायची, धूर निघाला तर जास्त झाली, आणि इस्त्री एका जागी थांबवायची नाही, फिरवत राहायची. मार्चमध्ये शेवटचं मेण लावलं की ते खरवडू नको, तसंच जाड ठेव, कडांवरही येऊ दे, आणि बोर्ड घरातल्या गार खोलीत आडवा ठेव, वर्कशॉपच्या पत्र्याखाली नाही, लातूरच्या मे महिन्यात तिथं काय तापतं ते तुला माहितीये, आतला थर सुटू शकतो. कानस तुझ्या वडिलांच्या हातात पन्नास वर्षं आहे असं तूच लिहिलंयस. बोर्ड घरी आला की आधी त्यांच्यापुढं फरशीवर ठेव, आणि मधून अंगठ्यानं दाबून बघायला सांग.